फिलाडेल्फियाची लिबर्टी बेल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मुलाबाळांकडे गेलेली आपली बरीच मंडळी एक दिवस फिलाडेल्फियासाठी राखून ठेवतात, तडा गेलेल्या त्या प्रसिद्ध घंटेसमोर फोटो काढतात आणि परततात. तिच्याविषयी मनात राहते ती बहुधा एकच गोष्ट : १७७६ साली स्वातंत्र्य जाहीर झाले, घंटा इतकी जोरात वाजवली की तिला तडा गेला. ही गोष्ट खरी नाही. खरा इतिहास अधिक लांबचा आहे, आणि माझ्या मते अधिक मोलाचाही आहे.

लिबर्टी बेल म्हणजे नेमके काय?

ती अठराव्या शतकात ओतलेली एक मोठी घंटा आहे. वजन सुमारे ९४३ किलो, काठाचा घेर १२ फूट, काठापासून माथ्यापर्यंत उंची ३ फूट. धातूत सुमारे ७० टक्के तांबे आणि २५ टक्के कथील आहे. उरलेल्या भागात शिसे, जस्त, आर्सेनिक आणि अगदी किंचित सोने-चांदी सापडते. म्हणजे आपल्या देवळांतल्या घंटा ज्या काशाच्या असतात, त्याच जातीचा हा धातू आहे. घंटा एल्म वृक्षाच्या जाड लाकडी आडव्याला टांगलेली आहे. पूर्वी तिला फक्त ‘स्टेट हाउसची घंटा’ म्हणत. ज्या इमारतीच्या मनोऱ्यात ती होती ते पेनसिल्व्हेनिया स्टेट हाउस आज इंडिपेन्डन्स हॉल या नावाने ओळखले जाते.

ती कोणी मागवली आणि कशासाठी?

पेनसिल्व्हेनिया तेव्हा ब्रिटिशांची वसाहत होती. तिथल्या विधिमंडळाचे सभापती आयझॅक नॉरिस यांनी १ नोव्हेंबर १७५१ रोजी वसाहतीचे लंडनमधील प्रतिनिधी रॉबर्ट चार्ल्स यांना पत्र लिहून सुमारे २,००० पौंड वजनाची घंटा मागवली. घंटा उत्तम कारागिरांकडून ओतून घ्यावी आणि जहाजावर चढवण्यापूर्वी नीट तपासावी, अशी ताकीदही त्यांनी दिली होती. तिचे काम साधे होते : सभासदांना बैठकीला बोलावणे आणि महत्त्वाची वार्ता असेल तेव्हा गावाला गोळा करणे. या कामासाठी ती इतक्या वेळा वाजू लागली की १७७२ मध्ये स्टेट हाउसजवळ राहणाऱ्यांनी तिच्या आवाजाने हैराण झाल्याचा रीतसर अर्ज विधिमंडळाकडे केला.

घंटेवर काय कोरले आहे?

कोरले नाही, ओतले आहे. अक्षरे साच्यातच होती. मुख्य ओळ बायबलच्या जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायातील १० व्या वचनातून घेतली आहे. तिचा आशय असा : साऱ्या देशभर, तिथल्या साऱ्या रहिवाशांना, स्वातंत्र्याची द्वाही फिरवा. हे वचन दर पन्नासाव्या वर्षी येणाऱ्या मुक्तिवर्षाविषयी आहे. त्या वर्षी गुलामांना सोडून द्यावे आणि विकलेली जमीन मूळ धन्याला परत करावी, असा तो नियम होता. वसाहतीचे संस्थापक विल्यम पेन यांनी १७०१ मध्ये रहिवाशांना हक्कांची सनद दिली होती. तिला १७५१ मध्ये पन्नास वर्षे होत होती, म्हणून नॉरिस यांनी हे वचन निवडले असावे, असे सामान्यतः मानले जाते.

‘साऱ्या रहिवाशांना’ हे शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत. ते ओतले गेले तेव्हा फिलाडेल्फियात गुलाम विकत घेता येत होते. पुढे या घंटेला जे महत्त्व आले ते या दोन शब्दांमुळे आले.

त्याखाली ‘पेनसिल्व्हेनिया’ हे नाव एका ‘एन’ने लिहिलेले दिसते, आणि पाहणारे हमखास ती चूक समजतात. त्या काळी हे नाव तसेही लिहीत असत.

ती पहिल्याच टोलाला फुटली हे खरे आहे का?

होय. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील ओतशाळेत तयार झालेली घंटा १७५२ मध्ये फिलाडेल्फियात पोहोचली. आवाज पाहण्यासाठी ती टांगली, आणि लोलकाचा ठोका बसताच तिला तडा गेला. आपल्याकडे माठ घेतानासुद्धा वाजवून घेतात. इथे ते वाजवणेच महागात पडले. ती त्याच जहाजाने परत धाडण्याचा विचार झाला, परंतु कप्तानाला ती नेणे जमले नाही.

तेव्हा जॉन पास आणि जॉन स्टो या गावातल्याच दोन ओतकाम करणाऱ्यांनी ती वितळवून पुन्हा ओतण्याचे काम अंगावर घेतले. मूळ धातू ठिसूळ आहे असे वाटून त्यांनी दर पौंडामागे सुमारे दीड औंस तांबे वाढवले. याने घंटा चिवट झाली, पण आवाज बद्द येऊ लागला. काशाला नाद देते ते कथील. ते वाढले तर नाद खुलतो पण धातू काचेसारखा फुटतो, आणि तांबे वाढले तर धातू टिकतो पण नाद मरतो. या दोहोंमधला नेमका मेळ साधणे हीच घंटा ओतणाऱ्याची विद्या. गावाने दोघांची पुष्कळ चेष्टा केली. त्यांनी ती घंटा पुन्हा फोडली, पुन्हा वितळवली आणि १७५३ च्या जूनमध्ये तिसरी ओतली. आज पाहायला मिळते ती हीच. तिच्यावर ‘पास आणि स्टो’ अशी त्यांची नावे आणि रोमन आकड्यांत १७५३ हे साल आहे. गावचा कारागीर हसे सोसून पुन्हा भट्टी पेटवतो, ही गोष्ट मला या घंटेच्या इतर कोणत्याही दंतकथेहून अधिक आवडते.

नॉरिस यांचे समाधान मात्र तरीही झाले नाही. त्यांनी व्हाइटचॅपलकडून दुसरी घंटा मागवली. तिचाही आवाज काही निराळा निघाला नाही, म्हणून ती घड्याळाचे तास देण्यासाठी लावली आणि जुनी आपल्या जागी राहिली.

४ जुलै १७७६ रोजी ती वाजली होती का?

बहुधा नाही. त्या दिवशी काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा बंद दाराआड मंजूर केला. लोकांसमोर त्याचे वाचन झालेच नाही. जाहीर वाचन ८ जुलै रोजी स्टेट हाउसच्या अंगणात कर्नल जॉन निक्सन यांनी केले. त्या दिवशी गावातल्या घंटा वाजल्याची नोंद आहे. त्यांत ही होती असा स्पष्ट उल्लेख मिळत नाही. मनोऱ्याचे लाकूड तेव्हा खराब झाले होते, त्यामुळे ही घंटा वाजवली की नाही याविषयी शंका घेणारे अभ्यासक आहेत. वाजवली असावी असे मानणारेही आहेत.

मग म्हातारा घंटावाला आणि मुलगा यांची गोष्ट कोठून आली?

जॉर्ज लिपार्ड या फिलाडेल्फियाच्या कथालेखकाकडून. १८४७ मध्ये एका साप्ताहिकात त्याची कथा छापून आली. तीत मनोऱ्यात एक वृद्ध घंटावाला वाट पाहत उभा आहे, काँग्रेस धीर करील की नाही या शंकेने त्याचा जीव खालीवर होत आहे, आणि तेवढ्यात खालून एक लहान मुलगा ‘वाजवा!’ म्हणून ओरडतो. कथा कल्पित होती. पुढच्या इतिहासलेखकांनी ती खरी धरून आपल्या पुस्तकांत घेतली, तेथून ती शाळेच्या क्रमिक पुस्तकांत गेली आणि पिढ्यान्‌पिढ्या पाठ झाली. घटनेनंतर ७१ वर्षांनी लिहिलेल्या गोष्टीने घटनेची जागा घेतली.

युद्धकाळात ती लपवली होती, हे तरी खरे का?

हे पूर्ण खरे आहे. सप्टेंबर १७७७ मध्ये ब्रिटिश फौज फिलाडेल्फियावर चालून येत होती. घंटांचा धातू तोफा ओतायला उपयोगी पडतो, म्हणून गावातल्या मोठ्या घंटा उतरवून गाड्यांत घालून बाहेर हलवल्या. वाटेत बेथलेहेम गावात या घंटेची गाडी मोडली आणि तिला दुसऱ्या गाडीत चढवावे लागले. शेवटी आजच्या ॲलनटाउन येथील झायन रिफॉर्म्ड चर्चच्या जमिनीखाली ती दडवण्यात आली. ब्रिटिशांनी १७७८ च्या जूनमध्ये शहर सोडल्यावर ती परत आली. मनोरा इतका कमकुवत झाला होता की ती लगेच वर टांगता आली नाही.

ती एकदा भंगारात निघाली होती म्हणतात. ते कसे?

देशाची राजधानी १८०० मध्ये वॉशिंग्टनला गेली आणि स्टेट हाउसला कोणी वाली उरला नाही. शेवटी शहरानेच ते राज्याकडून विकत घेतले. १८२८ मध्ये मनोऱ्यासाठी नवी घंटा बसवताना जॉन विल्बँक या ओतकाराशी करार झाला. त्याने जुनी घंटा ४०० डॉलर धरून भंगार म्हणून न्यायची होती. परंतु जवळपास एक टनाचे ते धूड उतरवून वाहून नेण्याचा खर्च त्याला परवडेना, म्हणून त्याने ती तिथेच सोडली. शहराने करारभंगाबद्दल त्याच्यावर दावा लावला. त्याची तडजोड झाली आणि घंटा जागेवर राहिली. हे घडले तेव्हा जाहीरनाम्याला ५२ वर्षे झाली होती, आणि ही घंटा देशाची ठेव आहे असे कोणाच्या मनातही आले नव्हते.

‘लिबर्टी बेल’ हे नाव तिला कोणी दिले?

गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांनी. या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

१८३५ मध्ये न्यूयॉर्कच्या गुलामगिरीविरोधी मंडळींच्या मासिकात या घंटेवर लेख आला आणि तिला छापील ‘लिबर्टी बेल’ म्हटल्याचा हा सर्वांत जुना माहीत असलेला दाखला आहे. लेखकाने घंटेवरचे वचन वाचले होते आणि त्याचा प्रश्न सरळ होता : हिच्यावर ‘साऱ्या रहिवाशांना’ असे लिहिले आहे, आणि देशातले लाखो रहिवासी साखळदंडात आहेत, मग ही घंटा आजवर जे सांगत आली ते खोटेच नव्हे काय? दोन वर्षांनी, १८३७ मध्ये, न्यूयॉर्कच्या त्याच मंडळींनी आपल्या एका प्रकाशनाच्या पहिल्या पानावर घंटेचे चित्र छापले. ही चित्रातली घंटा तडा नसलेली, किरणांनी वेढलेली आहे. विल्यम लॉइड गॅरिसन यांच्या ‘लिबरेटर’ पत्राने १८३९ मध्ये तिच्यावरील कविता उद्धृत केली, आणि त्यानंतर बोस्टनच्या कार्यकर्त्या स्त्रिया निधी उभारण्यासाठी जो वार्षिक अंक काढत त्याचे नावच ‘द लिबर्टी बेल’ असे होते.

म्हणजे लिपार्डची १७७६ ची गोष्ट येण्याच्या बारा वर्षे आधी घंटेला नाव मिळाले होते, आणि ते स्वातंत्र्य मिळवलेल्यांनी दिलेले नव्हते; ज्यांना ते नाकारले गेले त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्यांनी दिले होते. राष्ट्राने हे नाव उसने घेतले. ते घेताना त्यामागची तक्रार पुष्कळदा वगळली.

मराठी वाचकाला ही माणसे अगदीच परकी नाहीत. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली तेव्हा, निग्रो गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी स्वार्थत्याग करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना ती अर्पण केली होती. ज्या चळवळीने घंटेवरची ओळ वाचून तिला नाव दिले, त्याच चळवळीला पुण्याहून केलेला तो नमस्कार होता.

तडा नेमका कधी गेला?

बारीक चीर १८४० च्या सुमारास किंवा त्याआधी केव्हातरी पडली. १८३५ मध्ये सरन्यायाधीश जॉन मार्शल यांच्या अंत्ययात्रेच्या वेळी ती पडली, असे पुष्कळ काळ सांगितले जाई. त्याला समकालीन आधार नाही. जे नक्की माहीत आहे ते फेब्रुवारी १८४६ मधले. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या जयंतीनिमित्त घंटा वाजवायची होती आणि चिरेमुळे आवाज बिघडला होता.

चीर पडलेल्या घंटेत दोन्ही कडा एकमेकींवर घासतात आणि टोलाबरोबर खरखर येते. त्यावर जुना उपाय असा की चीर मुद्दाम रुंद करायची, म्हणजे कडा एकमेकींना लागत नाहीत. त्याप्रमाणे कारागिरांनी चिरेच्या कडा कापून, कानशीने घासून अर्धा इंच रुंदीची, सुमारे दोन फूट लांबीची फट तयार केली. आज फोटोत सर्वांना दिसते ती ही फट. तिला आपण तडा म्हणतो, पण खरे पाहता ती दुरुस्ती आहे. जवळून पाहिले तर तिच्या कडांवर हत्यारांच्या खुणा दिसतात आणि फटीत रिव्हेट बसवलेले दिसतात.

दुरुस्तीनंतर जयंतीच्या दिवशी घंटा काही तास चांगली वाजली. मग फटीच्या वरच्या टोकापासून दुसरी, केसाएवढी चीर निघाली आणि वाकडीतिकडी होत माथ्याकडे गेली. ही चीर सहसा कोणी पाहत नाही, आणि घंटेला कायमचे मुके केले ते हिनेच. फट जिथे संपते तिथून नजर हळूहळू वर नेली तर ती सापडते. वर जाताना ती ‘लिबर्टी’ या शब्दातून गेली आहे.

घंटा रेल्वेने देशभर फिरली, ती कशासाठी?

यादवी युद्धाने दुभंगलेल्या देशात दोन्ही बाजूंना आपली वाटेल अशी वस्तू हवी होती. १७७६ ची आठवण उत्तरेची तितकीच दक्षिणेची होती. युद्ध संपताना, एप्रिल १८६५ मध्ये, अब्राहम लिंकन यांचे पार्थिव इंडिपेन्डन्स हॉलमध्ये दर्शनासाठी ठेवले तेव्हा त्यांच्या उशाशी ही घंटा होती. त्यानंतर वीस वर्षांनी, १८८५ मध्ये, ती न्यू ऑर्लिन्सच्या प्रदर्शनाला निघाली. वाटेत मिसिसिपीतील बिलॉक्सी येथे दक्षिणेचे माजी अध्यक्ष जेफरसन डेव्हिस तिच्या दर्शनाला आले आणि त्यांनी तिला वंदन करणारे भाषण केले. गुलामगिरी राखण्यासाठी लढलेल्या सरकारचा प्रमुख गुलामांच्या मुक्तीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घंटेपुढे उभा राहिला. समेट झाला तो गोऱ्या लोकांचा आपसांत. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या वाट्याला त्यानंतर मताधिकार हिरावणारे कायदे आले. या प्रवासांचे वर्णन करताना एवढे सांगणे मला आवश्यक वाटते.

त्याच वर्षी आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात वैद्यकीचा अभ्यास करीत होत्या. १८८६ च्या मार्चमध्ये त्यांना वुमन्स मेडिकल कॉलेजची पदवी मिळाली, तेव्हा घंटा शहरात परत आलेली होती.

पुढे ती शिकागो (१८९३), अटलांटा (१८९५), चार्ल्सटन (१९०२), बोस्टन (१९०३) आणि सेंट लुइस (१९०४) येथे गेली. शेवटचा मोठा प्रवास १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत झाला. उघड्या डब्यावर घंटा, आणि मार्गावरच्या स्टेशनांत तिला हात लावायला, तिचे चुंबन घ्यायला लोटलेली माणसे, अशी त्या प्रवासाची छायाचित्रे आहेत. या हौसेची किंमत घंटेने दिली. आठवण म्हणून लोकांनी काठाचे टवके उडवून नेले. आजही काठ ठिकठिकाणी खडबडीत आहे. धातू आणखी चिरेल या भीतीने त्यानंतर तिला पुन्हा असे फिरवले नाही.

स्त्रियांच्या मताधिकाराशी तिचा काय संबंध?

१९१५ मध्ये पेनसिल्व्हेनियातील कार्यकर्त्या कॅथरिन वेंटवर्थ रुशेनबर्गर यांनी लिबर्टी बेलची एक प्रतिकृती ओतून घेतली. तिला तडा नव्हता, पण लोलक साखळीने बांधलेला होता, आणि स्त्रियांना मत मिळेपर्यंत तो सोडायचा नाही असा निश्चय होता. ट्रकवर घालून ती जिल्ह्याजिल्ह्यांत नेली. घंटा यायची, लोक जमायचे, आणि ती वाजायची नाही. कोणत्याही भाषणापेक्षा ते मौन अधिक बोलके असले पाहिजे. घटनादुरुस्ती झाल्यानंतर सप्टेंबर १९२० मध्ये इंडिपेन्डन्स हॉलसमोर साखळी सोडली आणि ती पहिल्यांदा वाजली. ‘जस्टिस बेल’ या नावाने ती आता व्हॅली फोर्ज येथे आहे.

नाण्यांवर, तिकिटांवर ती दिसते का?

दिसते. १९४८ ते १९६३ या काळातील अर्ध्या डॉलरच्या नाण्यावर एका बाजूला बेंजामिन फ्रँकलिन आणि दुसऱ्या बाजूला ही घंटा होती; कायद्याने गरुड आवश्यक म्हणून तो घंटेशेजारी अगदी चिमुकला बसवला आहे. २००७ मध्ये टपाल खात्याने दर वाढले तरी चालणारे पहिले कायमचे तिकीट काढले, त्यावरही तीच. १९५० मध्ये बचत रोख्यांच्या प्रचारासाठी फ्रान्समध्ये तिच्या पूर्णाकृती प्रतिकृती ओतून राज्याराज्यांना देण्यात आल्या.

आज घंटा जिथे आहे त्या जागेविषयी वाद का झाला?

१९७६ च्या नववर्षाच्या मध्यरात्री घंटा इंडिपेन्डन्स हॉलमधून बाहेर काढून समोरच्या काचेच्या मंडपात ठेवली, आणि ऑक्टोबर २००३ मध्ये तिथून आजच्या लिबर्टी बेल सेंटरमध्ये आणली. या नव्या इमारतीला लागूनच एका पाडलेल्या घराची जागा आहे. १७९० ते १७९७ या काळात अध्यक्ष वॉशिंग्टन तिथे राहत होते, आणि त्यांनी व्हर्जिनियाहून आणलेले नऊ गुलाम त्या घरात राबत होते. त्यांतली ओनी जज ही तरुणी १७९६ मध्ये तिथून निसटली आणि पुन्हा कधी हाती लागली नाही. स्वातंत्र्याची घंटा पाहायला जाणारी माणसे या जागेवरून जाणार आणि त्यांना ते कळणारही नाही, हे कृष्णवर्णीय नागरिकांनी व इतिहासकारांनी चालू दिले नाही. घराचा पाया २००७ मध्ये उकरून पाहण्यात आला आणि २०१० मध्ये तिथे त्या नऊ जणांच्या नावांसह स्मारक उभे राहिले. १८३५ च्या लेखातला ‘साऱ्या रहिवाशांना’ हाच प्रश्न इथे पुन्हा विचारला गेला.

घंटा कोणाच्या मालकीची आहे, आणि ती पाहता येते का?

मालकी फिलाडेल्फिया शहराची आहे. देखभाल राष्ट्रीय उद्यान सेवा करते. प्रवेश विनामूल्य आहे, तपासणीची रांग मात्र असते. घंटेला हात लावता येत नाही. २००१ मध्ये एका माणसाने तिच्यावर हातोड्याने घाव घातले, त्यानंतर पहारा कडक झाला. घंटा अशा रीतीने टांगली आहे की मागच्या काचेतून रस्त्यापलीकडचे इंडिपेन्डन्स हॉल आणि त्याचा मनोरा दिसतो.

ती आता कधी वाजते का?

मोकळेपणाने वाजवली जात नाही. हलकेच ठोका देण्याचे प्रसंग मात्र आले आहेत : १९१५ मध्ये तिचा ठोका टेलिफोनच्या तारेवरून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत ऐकवला, आणि ६ जून १९४४ रोजी दोस्त फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या तेव्हा फिलाडेल्फियाच्या महापौरांनी लाकडी हातोड्याने दिलेले ठोके रेडिओवरून देशभर गेले. आता दर ४ जुलैला जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांचे वंशज मूळ तेरा वसाहतींसाठी तिला तेरा वेळा प्रतीकात्मक स्पर्श करतात, आणि त्याच वेळी जवळच्या मनोऱ्यात असलेली, तडा नसलेली दुसरी घंटा प्रत्यक्ष तेरा टोल देते.